सोबतीचे व्याकरण

मराठीच्या अभ्यासक्रमात ख्रिस्ती मराठी साहित्य बहुधा तीन ठिकाणी भेटते. फादर स्टीफन्स यांचे १६१६ सालचे 'क्रिस्तपुराण' भाषेच्या इतिहासात येते, बाबा पदमनजींची १८५७ सालची 'यमुनापर्यटन' कादंबरीच्या इतिहासात येते आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्राच्या. तिन्ही ठिकाणी आपण शैलीविषयी बोलतो, समाजसुधारणेविषयी बोलतो, ओवीविषयी आणि बोलीविषयी बोलतो. या लेखकांची जी श्रद्धा होती ती मात्र सभ्यपणे बाजूला ठेवतो, एखाद्या पाहुण्याची चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवावी तशी. वर्गात ते सोयीचे असते, हेही खरे. परंतु संकटकाळी देव आपल्याजवळ आहे असे ही माणसे म्हणतात तेव्हा ती नेमके काय म्हणत असतात, हा प्रश्न वाङ्मयाचाही आहे असे आम्हांला वाटत आले आहे. तो भाषेचा प्रश्न आहे, आणि त्यातही व्याकरणाचा.

हा प्रश्न आमच्या वाट्याला आला तो ग्रंथालयातून नव्हे. आमचे घर भंडारा जिल्ह्यातील एकोडीचे. साकोली तालुक्यातील हे गाव धानाच्या बांध्यांमध्ये वसलेले आहे. पावसाळ्यात परे, रोवणी आणि चिखल, दिवाळीच्या सुमारास कापणी, आणि पाण्याची सोय असेल त्यांच्याकडे उन्हाळी धान, असे इथले वर्ष. आमचे घर तिथे ख्रिस्ती म्हणून एकटेच. आमच्या पणजीला लहानपणी दुष्काळात एका मिशनच्या आश्रमाने सांभाळले, एवढेच घरात सांगत. तिचे आईवडील कोण, गाव कोणते, हे तिलाच ठाऊक नव्हते. तिच्या पिढीपासून घरात एक जुने बायबल आले आणि त्याबरोबर एक वाक्प्रचारही आला. काहीही विपरीत घडले, तुडतुड्याने धान खाल्ले किंवा घरातले कुणी गेले, तर 'तो आहे' असे म्हणायचे. तो आहे, एवढेच. काय करतो, का करतो, याची चर्चा नाही.

लहानपणी हे दोन शब्द आम्हांला पुरत. पुढे साहित्य शिकू लागलो तेव्हा ते अपुरे वाटू लागले. जो आहे तो मग दुष्काळात कुठे होता, हा प्रश्न पणजीच्या कथेतच दडलेला होता.

या प्रश्नाला मराठीत ज्यांनी सर्वांत कठोरपणे तोंड दिले त्या पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण अशी तीन माणसे थोड्याच काळात गमावली. हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थयात्रा करत हिंडणारे. देव ऐकेल या भरवशावर जवळचे होते नव्हते ते दानधर्मात घालवून बसलेले. रमाबाईंनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत त्या उपासमारीचे वर्णन आले आहे. ते वाचताना ध्यानात येते की भुकेपेक्षाही तिथे उत्तर न येण्याची जाणीव अधिक भीषण आहे. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथवरची कथा धर्मांतराची म्हणून सांगितली जाते, बाजूने किंवा विरोधात. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना तिथून घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावचे 'मुक्तिसदन' उभे राहिले. पहिल्या दुष्काळात ज्या मुलीने देवाच्या उत्तराची वाट पाहिली होती, ती दुसऱ्या दुष्काळात स्वतः आगगाडीत बसून भुकेल्यांकडे निघाली. देव का दुष्काळ घडू देतो, या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते असे नव्हे. तिला बहुधा दुसरेच काही मिळाले होते: उत्तरावाचून जाता येते, हे ज्ञान. देवाचा सहवास म्हणजे संकटाचे स्पष्टीकरण अशी जी आपली समजूत असते ती रमाबाईंच्या चरित्रापुढे टिकत नाही. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. त्या दोन मृत्यूंच्या मध्ये त्या काय करत होत्या? बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुरे करत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली संपूर्ण रूपात प्रसिद्ध झाले. ज्यांना 'पंडिता' ही पदवी संस्कृतच्या बळावर मिळाली होती त्यांनी ते साध्या मराठीत व्हावे यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरी कथा आमच्या जिल्ह्याच्या रुळांवरून गेलेली आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. हा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर, गोंदिया असा जातो. टिळक वाचत बसले असतील तेव्हा खिडकीबाहेर आमचीच धानाची शेते असणार, असा एक निरुपद्रवी अभिमान आम्ही बाळगून आहोत. डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परंतु जे टिळकांना देवाचे सान्निध्य वाटले ते लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळल्यासारखे होते, हे विसरून चालणार नाही. एकाची श्रद्धा ही दुसऱ्याची आपत्ती ठरू शकते. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहान मुलगा, आणि नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरासारख्या ठिकाणी काढलेले दिवस. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, म्हणजे हे सगळे चार दशकांनंतर लिहिले गेले आहे. तरीही कुठेही 'हे सारे देवाने माझ्या भल्यासाठीच घडवले' असा मागाहून चढवलेला मुलामा नाही. दुःखाला दुःखच म्हटले आहे, फजितीला फजिती, आणि बहुतेक ठिकाणी स्वतःवरच हसले आहे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरे केले. जिने श्रद्धेपायी एवढे सोसले तिनेच ते काव्य पुरे करावे, आणि आत्मचरित्र लिहिताना मात्र आपल्या सोसण्याचे तत्त्वज्ञान करू नये, हा संयम आम्हांला वाङ्मयीन गुणाइतकाच श्रद्धेचाही गुण वाटतो.

आता व्याकरणाकडे येतो. स्तोत्रसंहितेतील तेविसावे स्तोत्र जगातील बहुधा सर्वांत अधिक पाठ झालेले स्तोत्र असावे. मेंढपाळ, हिरवी कुरणे, संथ पाणी हे त्यातील चित्र सर्वांना ठाऊक असते. मात्र विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी सांगतो की चित्रे क्षणभर विसरा आणि सर्वनामे मोजा. आरंभीच्या ओळींत भक्त देवाविषयी तृतीय पुरुषात बोलतो: तो असे करतो, तो तसे करतो. सगळे ठीक चालले आहे, आणि देव हा बोलण्याचा विषय आहे. मग मृत्यूच्या सावलीची दरी येते, आणि त्याच क्षणी, कसलीही सूचना न देता, 'तो' चा 'तू' होतो. देवाविषयीचे बोलणे थांबते आणि देवाशी बोलणे सुरू होते. स्तोत्राच्या अगदी शेवटी, दरी पार झाल्यावर, पुन्हा परमेश्वराचे नाव तृतीय पुरुषात येते.

मूळ हिब्रूतील हा बदल मराठीतही जसाच्या तसा उतरतो. आणि मराठीत तो अधिकच खोल जातो, कारण आपल्याकडे 'तू' कुणाला म्हणावे याचे नियम कडक आहेत. मराठी बायबल देवाला 'तू' म्हणते. वारकरी विठोबाला 'तू' म्हणतो, त्याच्याशी भांडतोही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. त्या पुलाचा एक खांब हे सर्वनाम असले पाहिजे असे आमचे मत आहे.

याच्या अलीकडचे बाविसावे स्तोत्र वाचले म्हणजे गोष्ट पुरी होते. देवाने आपल्याला का टाकले, या आक्रोशाने ते सुरू होते, आणि मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांनुसार क्रूसावर येशूच्या तोंडी आले ते हेच शब्द. इथेही सर्वनाम 'तू' हेच आहे. म्हणजे ज्या सर्वनामाने भरवसा व्यक्त होतो त्याच सर्वनामाने तक्रारही व्यक्त होते. दूर गेलेल्याला आपण 'तो' म्हणतो. ज्याला 'तू का गेलास' असे विचारतो तो कुठेतरी ऐकण्याच्या अंतरावर आहे असे आपण धरून चाललेलो असतो. भाषेला हे बुद्धीच्या आधी कळलेले असते.

आमच्या आईला यातले काहीच शिकवावे लागले नाही. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. वडिलांना तिने जन्मभर 'तुम्ही' म्हटले. सासऱ्यांशी तर बोलणेच कमी. देवाला मात्र ती खुशाल 'तू' म्हणे, आणि तेही चांगल्या शब्दांत म्हणे असे नाही. रोवणीच्या वेळी पावसाने दडी मारली की ती दारात उभी राहून आभाळाकडे पाहत त्याला खडसावी. लोकांपुढे 'तो आहे', एकांतात 'तू आहेस ना', अशी तिची विभागणी होती. आम्ही अभ्यासाअंती जेथे पोचलो तेथे ती रोज उभी असे.

वडील गेले तेव्हाची गोष्ट. मूठमाती देऊन परतलो. दोन दिवसांनी नातलग गेले, नोकरीसाठी आम्हांलाही निघावे लागले. आई घरात एकटी उरली. त्या रात्री शेजारची म्हातारी आपली गोधडी बगलेत मारून आली आणि म्हणाली, "एकटी कायले झोपतेस बाई? मी येतो सोबतीले." ती तेरा रात्री आली. तिच्या घरी तेराव्याची रीत होती, आमच्या घरी नव्हती; पण मोजणी तिची चालली. ती आमच्या बायबलमधले काही जाणत नव्हती. दुःख का आले याविषयी ती चकार शब्द बोलली नाही. दिवा मालवला की ती पलीकडे खोकत असे, आणि आईला तेवढे पुरे असे. पुढे एकदा आई म्हणाली की दरीचे ते स्तोत्र आपण पन्नास वर्षे वाचले, त्याचा अर्थ त्या खोकल्याने कळला.

'सोबत' या शब्दावर आम्ही बराच विचार केला आहे. मदत, आधार, सांत्वन यांहून तो निराळा आहे. जो सोबतीला येतो तो काही करत नाही. रात्र आहे तेवढीच लांब राहते. तो फक्त आपल्याबरोबर ती काढतो. दरीच्या ओळीतही एवढेच आहे. तिथे दरी बुजवण्याचे वचन नाही, दरीला वळसा घालून नेण्याचेही नाही. ईयोबाचे मित्र प्रथम आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तोवर ते सोबत करत होते. नंतर त्यांनी तोंड उघडले, देवाविषयी व्याख्याने दिली, दुःखाची कारणे सांगितली, आणि सगळे बिघडले. ईयोब मात्र ओरडला, भांडला, देवाला जाब विचारत राहिला. अखेरीस देव मित्रांना सांगतो की ते ईयोबासारखे योग्य बोलले नाहीत. भाषांतरांत तेथे सामान्यतः 'माझ्याविषयी' असे येते. मूळ हिब्रू शब्दाचा 'माझ्याशी' असाही अर्थ होतो. तो घेतला तर निकाल स्पष्ट आहे. विषय करणारे हरले, बोलणारा जिंकला.

ही सारी मीमांसा ज्या दिवशी आमच्या हातातून गळून पडली तो दिवस भंडाऱ्यातील कुणीच विसरणार नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या दक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. सात वाचली, दहा गेली. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या एका भाविक गृहस्थांनी 'देवाची इच्छा' असे म्हटले तेव्हा आम्ही उठून बाहेर गेलो. त्या वाक्यात देव 'तो' होता. दूर बसून इच्छा करणारा.

त्या रात्री आम्ही मत्तयाचे शुभवर्तमान उघडले. पहिल्या अध्यायात जन्मणाऱ्या बालकाला इम्मानुएल हे नाव दिले आहे. त्याचा अर्थ, देव आपल्याबरोबर. दुसऱ्याच अध्यायात हेरोदाच्या आज्ञेने बेथलेहेमातील लहान मुले मारली जातात. नाताळच्या कार्यक्रमांत हा भाग आपण गाळतो. मत्तयाने गाळलेला नाही, आणि त्याने त्याचे स्पष्टीकरणही दिलेले नाही. तो केवळ जुन्या संदेष्ट्याची राहेल तिथे आणून उभी करतो, जी मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. सांत्वन नाकारण्याचा तिचा अधिकार शुभवर्तमानाने मान्य केला आहे. 'देव आपल्याबरोबर' हे नाव आणि हे नाकारणे एकाच पानावर शेजारी शेजारी आहेत. त्या दोहोंची सांगड मत्तयाने घातली नाही, आम्हीही घालू शकलो नाही. त्या दहा घरांत जाऊन सांगता येईल असे एकही वाक्य आमच्याजवळ नव्हते. गोधडी घेऊन जाणे तेवढे शक्य होते, आणि त्या काळात महामारीने तेही अवघड करून ठेवले होते.

तीनच महिन्यांनी आमच्या घरची पाळी आली. एप्रिल २०२१ मध्ये आईला श्वास पुरेनासा झाला आणि तिला शहरातील एका रुग्णालयात न्यावे लागले. आत कुणालाच प्रवेश नव्हता. ज्या बाईच्या आयुष्याचा अर्थ सोबत या शब्दात होता तिला सोबतीवाचून ठेवण्यात आले. नियम योग्य होता, आणि तरीही क्रूर होता. एका परिचारिकेने दोनदा आपला फोन तिच्या कानाशी धरला. पहिल्या वेळी आईने उन्हाळी धानाला पाणी दिले का, एवढेच विचारले. दुसऱ्या वेळी ती आमच्याशी बोललीच नाही. दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होती, थांबत थांबत, रागाच्या आवाजात, घरातल्या पोराला बोलावे तसे 'तू' करून. शब्द नीट कळले नाहीत. परिचारिका नंतर म्हणाली, "रात्रभर कुणाशी तरी बोलत असतात त्या." मग जराशाने म्हणाली, "काम नसलं की मी उभी राहते जरा तिथे."

वैद्यकशास्त्र त्याला रक्तातील प्राणवायू घटल्याने झालेला भ्रम म्हणेल, आणि ते खरेही असेल. आम्ही त्यावर वाद घालणार नाही. आई कुणाशी बोलत होती हे सिद्ध करण्याचे साधन आमच्यापाशी नाही. एवढे मात्र आम्ही साक्षीने सांगू शकतो की दरीत उतरल्यावर तिचे सर्वनाम बदललेले नव्हते. आणि ती एकटी आहे असे जेव्हा आम्ही बाहेर बसून मानत होतो तेव्हा नखशिखांत झाकलेली एक अनोळखी मुलगी, जिचा चेहरा आईने कधीच पाहिला नाही, तिच्या खाटेशी उभी होती. त्या मुलीचा धर्म कोणता हे आम्ही विचारले नाही.

शेवटी एक व्याकरणाचाच मुद्दा उरतो. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच सर्वनाम आहे. मराठीत भेद करावा लागतो: 'आम्ही' म्हटले की ऐकणारा वगळला जातो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. इम्मानुएल या नावाचा अर्थ देताना मराठी भाषांतरकारापुढेही हा पेच आलाच असणार. प्रचलित बायबलमध्ये 'आम्ही' चे रूप आहे. भाषांतर म्हणून त्यात काही चूक नाही. संदेष्टा आपल्या लोकांच्या वतीने बोलतो आहे. एकट्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या आम्हांलाही ते 'आम्ही' लहानपणी फार ऊबदार वाटे. वरती त्या नावाचा अर्थ लिहिताना मात्र आमच्या लेखणीतून 'आपल्याबरोबर' असे उतरले, आणि आम्ही ते तसेच राहू दिले. कारण दरीतल्या आमच्या दोन्ही रात्रींची सोबत त्या 'आम्ही'च्या बाहेरची होती. एक खोकणारी शेजारीण, एक चेहरा न दिसणारी परिचारिका. ज्या नावाच्या कक्षेत त्या दोघी येत नाहीत ते नाव आम्हांला अपुरे वाटते.

भाविकांना हे कदाचित थोडे वाटेल, आणि जे भाविक नाहीत त्यांना जास्त. दोघांनाही आमची विनंती एवढीच की पुढच्या वेळी 'स्मृतिचित्रे' किंवा रमाबाईंचे लेखन वर्गात घ्याल तेव्हा श्रद्धेला उंबऱ्याबाहेर ठेवू नका. तिला मान्यता द्या असे नाही. ती कोणत्या सर्वनामात बोलते, कुणाला वगळते आणि कुणाला आत घेते, हे एवढे विचारा. विद्यार्थी हा प्रश्न चटकन उचलतात असा आमचा अनुभव आहे. गेल्या काही वर्षांत त्यांतील पुष्कळांनी घरचे माणूस फोनवरूनच निरोप देऊन घालवले आहे. 'तो' आणि 'तू' यांतले अंतर त्यांना आम्ही शिकवण्यापूर्वीच ठाऊक असते.